पटावरची गोष्ट आणि पडद्यावरचा खेळ

कादंबरीकाराने खेळांच्या जत्रेला जावे, यात आमच्या सिंदीच्या मंडळींना काही वावगे वाटले नाही. जत्रा म्हटली की माणूस जातोच. त्यांना नवल वाटले ते मी परत येऊन त्या खेळांवर टीकालेख लिहायला बसलो याचे. "नाटकावर लिवावं, सिनेमावर लिवावं, पोरायच्या मोबाईलवरल्या खेळावर काय लिवाचं, सर?" असे आमच्या शाळेतील एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी विचारले. प्रश्न वाजवी आहे. प्रस्तुत लेख हे त्याचेच उत्तर समजावे.

माझ्या वर्गातील मुले गोष्टी सोडून बसलेली नाहीत. त्यांनी गोष्टी ऐकण्याची जागा बदलली आहे. आजीच्या मांडीवरून ती पुस्तकात आली, पुस्तकातून पडद्यावर गेली आणि आता पडद्यावरची गोष्ट आपल्याच अंगठ्याने पुढे ढकलू लागली. ज्या प्रकारात गोष्ट सांगितली जाते, जो लाखो घरांत पोचतो, जो ऐन घडणीच्या वयात मुलांच्या मनावर ठसे उमटवतो, त्याची बरी-वाईट पारख करणारे मराठीत कोणी नसावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. आपल्याकडे या खेळांविषयी दोनच सूर ऐकू येतात. एक डॉक्टरांचा, 'डोळे बिघडतील' असा. दुसरा व्यापाऱ्यांचा, 'कोट्यवधींची उलाढाल होईल' असा. 'हा खेळ चांगला आहे की वाईट, आणि का?' हा तिसरा सूर कोणी लावत नाही.

तो लावता येतो का, हे पाहण्यासाठी मी २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत आठवडाभर घराबाहेर पडलो. चार दिवस मुंबईत आणि तीन पुण्यात. मुंबईत १ ते ४ मे या काळात वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड सेंटरमध्ये 'वेव्हज' नावाचा जागतिक मेळावा भरला होता. चित्रपट, नभोवाणी, चलच्चित्रे आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून व्हिडिओ गेम. पुण्यात माझा भाचा याच धंद्यात चाकरीला आहे. मुंबईत पाहिलेले खेळ त्याच्या खोलीवर बसून नीट खेळून पाहायचे, असा बेत होता. वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेस पकडली आणि महाराष्ट्र दिनाच्या सकाळी मुंबईस उतरलो.

या धंद्याच्या जत्रांची कुळकथा मोठी गमतीची आहे. १९८८ साली ख्रिस क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन खेळकाराने कॅलिफोर्नियातील आपल्या राहत्या घरी समव्यवसायी मित्रांना बोलावले. पंचवीस-तीस माणसे दिवाणखान्यात दाटीवाटीने बसली आणि खेळ कसे रचावेत यावर बोलली. आपल्याकडे कविमंडळांच्या बैठका भरत, तसलाच तो प्रकार. त्या बैठकीतून जी परिषद उभी राहिली, ती आता दर मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठवडाभर भरते आणि तिला हजारो माणसे लोटतात. २०२६ पासून नावातील 'परिषद' हा शब्द मागे टाकून तिला 'उत्सव' म्हणायचे, असे आयोजकांनी २०२५ मध्ये जाहीर केले. बैठकीची परिषद आणि परिषदेचा उत्सव! आमच्या साहित्य संमेलनाचा प्रवासही याहून फार निराळा झालेला नाही.

उत्सवाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण टीकाकाराने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्सवात खेळाची पारख होत नाही. फक्त तोंडओळख होते. मागे रांग उभी असते, हातात यंत्र येते आणि पाच मिनिटांत ते पुढच्याला द्यावे लागते. पाच मिनिटांत दिसते ते काय? चित्र दिसते, रंग दिसतात, देवळाचे शिखर आणि राक्षसाचे सुळे दिसतात. खेळाचा जो खरा गाभा, म्हणजे त्याचे नियम, तो तासा-दोन तासांनी उलगडतो. म्हणून जत्रेत चित्र जिंकते आणि नियम हरतो. पुस्तकांच्या प्रदर्शनात वेष्टन जिंकते, त्यातलीच ही गत.

'वेव्हज'मध्ये भारत मंडप उभारला होता आणि त्याचे सूत्र होते 'कला ते कोड'. कोड म्हणजे संगणकाला समजेल अशा भाषेत लिहिलेली आज्ञावली. मंडपाचे श्रुती, कृती, दृष्टी आणि सर्जकांची झेप असे चार भाग केले होते. वेदपठणापासून संगणकापर्यंतची परंपरा एका छताखाली मांडण्याचा तो उद्योग डोळ्यांना सुखावणारा होता. पण मला अडखळवले ते सूत्रातील 'ते' या लहानशा शब्दाने. कला एका टोकाला आणि कोड दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये प्रवास! जणू आपल्या पूर्वजांनी चित्रे काढली, शिल्पे घडवली, गाणी गायिली. पण नियमांची रचना मात्र त्यांना ठाऊक नव्हती, ती आता यंत्राबरोबर आली. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. खेळाच्या नियमात अर्थ कसा भरावा, हे आपल्याकडच्या माणसांना फार पूर्वीच साधले होते.

मोक्षपटाचेच उदाहरण घ्या. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील वा. ल. मंजूळ यांनी जुने मोक्षपट शोधून त्यांवर लिहिले आहे, आणि याकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश अभ्यासकाने पश्चिम भारतातील या पटखेळांवर कोपनहेगनच्या विद्यापीठात २०१९ साली प्रबंध सादर केला. पटावर घरे, घरांतून शिड्या आणि साप. शिड्यांना नावे सत्संग, दया, सद्‌बुद्धी अशी. सापांना काम, क्रोध, लोभ अशी. कवड्या टाकायच्या आणि जन्मापासून मोक्षापर्यंत सोंगटी न्यायची. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गेला आणि 'साप-शिडी' होऊन परत आला. तिकडे साप आणि शिड्या यांची संख्या सारखी करण्याकडे कल झाला. आपल्याकडच्या कित्येक जुन्या पटांवर मात्र साप अधिक आणि शिड्या कमी असत.

या एका फरकात किती अर्थ आहे पाहा. साप अधिक असणे ही पटाची सजावट नव्हे, तो नियम आहे. चढणे अवघड आणि घसरणे सोपे, हे खेळणाऱ्या पोराला कोणी कीर्तन करून सांगत नाही. त्याची सोंगटी चार वेळा खाली आली की त्याचे त्यालाच कळते. उपदेशाचा शब्दही न बोलता त्याच्या हाताला तो अनुभव येतो. कथा चित्रात नाही, कथा नियमात आहे. पडद्यावरच्या खेळाची पारखही याच कसोटीवर करावी, असे माझे मत आहे. खेळ काय दाखवतो हे दुय्यम; तो खेळणाऱ्याला काय करायला लावतो आणि त्या करण्यातून कोणती जाणीव उमटते, हे मुख्य.

ही कसोटी घेऊन मी पुण्यास गेलो आणि पुण्यातच घडलेल्या एका खेळाला ती लावून पाहिली. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा तो खेळ. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या मंडळीने तो रचला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा यत्न केला तो फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर पडला. त्याच वर्षी जागतिक पारितोषिकांच्या स्पर्धेत उत्तम पदार्पणाच्या नामांकनांत त्याचे नाव झळकले. मराठी मुलखातील पटकथाकाराचा पहिलाच चित्रपट परदेशी महोत्सवात गेला असता तर आपण गावोगाव सत्कार केले असते. या खेळाचे नाव मात्र आमच्या वाचनालयात कोणी ऐकलेले नव्हते.

राजी ही सर्कशीतली पोर. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुरांचा हल्ला होतो, तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याच्या शोधास निघते. वरून दुर्गा आणि विष्णू तिची वाटचाल पाहत असतात, तिच्याविषयी आपापसांत बोलत असतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या धर्तीने सांगितले आहेत. ते पाहताना मला आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची आठवण झाली. कातड्याची बाहुली, मागे दिवा आणि पुढे पांढरा पडदा! पडद्यावरची गोष्ट ही आपल्याला नवी नाही, याची खूण नकळत पटून जाते.

आता गुणदोष पाहू. मला सर्वांत आवडली ती राजीची चाल. ती खांबाभोवती गिरकी घेते, भिंतीवर चार पावले धावते, कोलांटी मारून शत्रूच्या पाठीमागे उतरते. ही केवळ शोभा नव्हे. ही पोर दोरावर वाढलेली आहे, हे तिच्या लढण्यातून दिसते, आणि ते आपल्याच बोटांनी घडत असल्याने सांगावे लागत नाही. डोंबाऱ्याच्या पोरीचे कसब हेच तिचे शस्त्र, ही कल्पना कोणाही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे.

दुसरी जागा याहून हळवी आहे. वाटेत काही ठिकाणी चित्रांची वर्तुळे विस्कटलेली सापडतात. कडी फिरवत फिरवत ती जुळवायची. जुळली की राजी आणि गोलू यांच्या लहानपणीचा एखादा प्रसंग स्पष्ट होतो. येथे आपण काय करतो? आठवतो. विस्कटलेले पुन्हा लावतो. भाऊ हरवलेल्या बहिणीचे मनही तेच करीत असते. नियम आणि भावना यांची अशी गाठ पडली की खेळ कलेच्या पंगतीला बसतो. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तत्त्वे मांडली. त्यांच्या डोळ्यांसमोर असले खेळ असण्याचा संभव नव्हता. पण हाताची हालचाल आणि मनाची हालचाल यांतील संवादाला दुसरे नाव मला तरी सुचत नाही.

दोष सांगायचे तर याच कसोटीने सांगावे लागतात. राजीच्या हाती त्रिशूळ आहे, मग धनुष्य येते, मग ढाल-तलवार येते. पण दुर्गेच्या त्रिशुळाने जे घडते ते कोणत्याही परदेशी खेळातल्या भाल्याने घडले असते. असुर टोळीने येतात, मरतात, पुन्हा येतात. देवी येथे पटावर आहे, नियमात नाही. भिंतींवर देवादिकांच्या कथा रंगवल्या आहेत; त्यांच्यापुढे उभे राहिले की कोणीतरी त्या सांगते. चित्रे सुरेख आहेत, पण त्या घटकेला मी खेळाडू नव्हतो, शाळेच्या सहलीतला विद्यार्थी होतो. आणि शेवट! गोष्ट ऐन भरात तुटते. कादंबरीच्या प्रकरणाचा असा शेवट मी केला असता तर संपादकांनी हस्तलिखित साभार परत पाठवले असते.

"मामाजी, तुम्ही फार कठोर आहात," भाचा म्हणाला. "एवढ्याशा मंडळींनी एवढे केले, हेच पुष्कळ नाही का?"

पुष्कळ आहे, यात शंका नाही. पण 'एवढ्याशांनी एवढे केले' हे कौतुक झाले. त्याला टीका म्हणत नाहीत. ज्याला आपण लेकरू समजतो त्याचेच असे कौतुक होते. हा कलाप्रकार वयात यावा असे वाटत असेल तर त्याला मोठ्या माणसाचे माप लावले पाहिजे.

ते माप लावून टिकेल असा खेळ कोणता, म्हणून भाच्यानेच दुसऱ्या दिवशी 'वेन्बा' पुढे केला. टोरांटोच्या विसाई गेम्सने तो २०२३ साली काढला. तमिळनाडूतून कॅनडात गेलेले एक जोडपे, त्यांना तेथे झालेला मुलगा आणि आईकडून आलेली एक पाककृतींची वही. कथा एवढीच. त्यात राक्षस नाही, त्रिशूळ नाही. वही जीर्ण झाली आहे, ओळी पुसल्या आहेत. आपण इडली करायची, आणि पात्रातल्या ताटल्या कशा रचाव्या हे पुसलेल्या ओळींतून ताडायचे. चुकले तर पुन्हा करायचे. पुढे मुलगा मोठा होतो. त्याला इंग्रजी सफाईने येते, आईची भाषा मात्र हातातून निसटलेली असते. आता वही त्याच्यासमोर येते, आणि खेळणारा अडतो तेथे तोही अडतो.

मी भाताच्या मुलखातला नव्हे, तमिळ मला येत नाही. तरी त्या वहीपुढे माझा हात थबकला. मातृभाषा हरवणे म्हणजे काय, यावर मी वर्गात कित्येक वेळा बोललो आहे. पण एक पुसलेली ओळ ताडून पाहण्यात जे मला समजले ते त्या भाषणांतून एकाही मुलाला समजले असेल, असे मला वाटत नाही. याला म्हणतात नियमातली गोष्ट. २०२४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच आठवडाभराच्या मेळ्यात स्वतंत्र खेळांचे सर्वोच्च पारितोषिक या लहानशा खेळाला मिळाले, आणि ब्रिटनच्या बाफ्टाने पदार्पणाचे पारितोषिक दिले. जत्रेत चित्र जिंकते असे मी वर म्हटले. क्वचित नियमही जिंकतो, हे येथे नोंदवले पाहिजे.

या ठिकाणी मराठी वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल : आपले असे का नाही? आपल्या घरातही आजीच्या वह्या आहेत. पुरणाच्या, गोळाभाताच्या, सांडग्यांच्या पाककृती पुसट होत आहेत, आणि बॉस्टन-लंडनात वाढणारी मराठी मुले त्या वाचू शकत नाहीत. मग 'वेन्बा' तमिळ माणसालाच का सुचली? पुण्यात घडलेली 'राजी' आधी इंग्रजीत बोलली. पुढे २०२२ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत तिला हिंदी आवाज मिळाला. महाराष्ट्र दिनी उघडलेल्या त्या मुंबईच्या मेळाव्यात मराठी बोलणारे खेळकार मला पुष्कळ भेटले. मराठी बोलणारा खेळ माझ्या पाहण्यात आला नाही. बाजार लहान आहे, असे उत्तर प्रत्येकाने दिले. बाजार लहानच असतो. गुजरातेतील चला नावाच्या लहानशा गावातून स्टुडिओ ओलिओमिंगस ही मंडळी वसाहतकाळाच्या इतिहासावर, एका कल्पित लेखकाच्या कथांवर, वाचत वाचत चालायचे खेळ रचते, आणि ते जगभर चर्चिले जातात. म्हणजे अडचण गावाची नाही, बाजाराचीही फारशी नाही. आपल्या लेखकांनी या प्रकाराकडे पाहिलेच नाही, ही खरी अडचण.

सरकारने पाहिले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने चलच्चित्रे, दृश्य-परिणाम आणि खेळ यांच्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या आराखड्याचे धोरण मंजूर केले. त्याआधी महिनाभर संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. हा कायदा कुटुंबवत्सल वाचकांनी समजून घ्यावा असा आहे, कारण जुगार आणि खेळ यांतील भेद आपण वारंवार विसरतो. जुगारात नियमाचा अर्थ एकच : तुझे माझ्याकडे यावे. धर्मराजाच्या द्यूतापासून त्यात तसूभर फरक पडलेला नाही. पण जुगार वाईट म्हणून पट जाळायचा नसतो. त्याच कवड्यांनी मोक्षपटही खेळला गेला आहे.

त्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली ती २२ ऑगस्टला. तो पोळ्याचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी आमच्या सिंदीचा तान्हा पोळा. वैदर्भीय वाचकांना तो सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लहान मुले लाकडी नंदी घेऊन निघतात. कोणाचा तळहाताएवढा, तर कोणाचा चार माणसांनी ओढावा असा. सिंदीतले नंदी पाहायला दूरदूरची माणसे येतात. मुले नंदीला झूल घालतात, शिंगे रंगवतात, बाशिंग बांधतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. सजावटीला बक्षिसे असतात हे खरे. पण बक्षीस हा त्या खेळाचा गाभा नव्हे. मूल जनावराची सेवा करून पाहते, आणि ज्याच्या कष्टावर घर चालते त्याला मिरवायचे असते, हे शिकते. ज्या घरांत आता बैल उरला नाही, ट्रॅक्टर आला, त्या घरातले पोरही नंदीच्या पायाला पाणी घालते. नांगर पाहिलेला नसताना हाताला नांगराची कृतज्ञता ठाऊक होते. हा सगळा अर्थ कोठे लिहिलेला आहे? केवळ खेळण्याच्या रीतीत.

मी एखाद्या मराठी खेळाची कल्पना करतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लाकडी नंदीचे चित्र काढलेला पडदा येत नाही. तसे चित्र उद्या कोणीही काढील. जत्रेत ते पाच मिनिटे खपेलही. मला हवा आहे तो खेळ असा असेल, की ज्यात पाऊस लांबला तर पेरणी धरावी की सोडावी हे पोराला ठरवावे लागेल. ज्यात एका बैलजोडीवर दोन भावांची शेते ओलीत आणायची असतील. आणि कोणाला आधी द्यायची हे ठरवताना त्याचा अंगठा थबकेल. वऱ्हाडातल्या कापूसकाळाची कादंबरी मी लिहिली, ती किती जणांनी वाचली हे प्रकाशकाला ठाऊक. पण तीच कोंडी नियमात मांडता आली, तर माझ्या वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगाही तिच्यात सापडेल, आणि सुटायला धडपडेल.

हे काम एकट्या यंत्रज्ञाचे नव्हे. नियम रचणारा, चित्र काढणारा आणि माणसांची दुःखे ओळखणारा अशा तिघांनी एका बैठकीत बसावे लागेल. सॅन फ्रान्सिस्कोचा एवढा मोठा उत्सव एका दिवाणखान्यातून निघाला. आपल्याकडे दिवाणखाने आहेत, लेखक आहेत, पुण्यात माझ्या भाच्यासारखी कसबी पोरेही आहेत. ती एकमेकांना ओळखत नाहीत, एवढेच. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कथा-कवितांच्या परीक्षणांशेजारी वर्षाला एका खेळाचे परीक्षण छापले, तरी ओळखीला सुरुवात होईल.

वाचकांपुरते बोलायचे, तर या दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेली आणि घरातली मुले मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली की तो हिसकावून घेण्याची घाई करू नये. घटकाभर शेजारी बसावे आणि विचारावे, "हा खेळ तुला काय करायला लावतो रे?" बहुतेक वेळा उत्तर येईल, मारायला. कधी येईल, गोळा करायला. पैसे लावायला असे आले, तर तो खेळ त्याच क्षणी बंद करावा. त्यात चर्चेला जागा नाही. पण एखादे पोर जरा विचार करून म्हणेल, "कोणाला आधी वाचवायचं, ते ठरवायला." तसे झाले तर वडीलधाऱ्यांनी आपला चष्मा पुसावा, आणि तो खेळ त्याच्याकडून शिकून घ्यावा.